चौदा नंबरचं पिंप

कुठली घेऊ, विचारता?
आधी सांगा, जेवून आलात की उपाशी.
उपाशी असाल तर मान्सानिया.
बर्फातून काढलेली, पण बर्फ न घातलेली.
पेला देठाला धरा, पोटाला नको,
तळहाताची ऊब तिला सोसत नाही.
सोबत हे जवळ्याचे घावन, जाळीदार,
आमच्या सान्लूकारात त्याच्याशिवाय कुणी बूच काढत नाही.
आणि काढलं की संपवायची.
उद्यासाठी झाकून ठेवलेली मान्सानिया
उद्या तुम्हाला ओळखही दाखवणार नाही.

हसू नका.
समुद्राकडे खिडक्या उघड्या ठेवून वाढवलेली आहे ती.
पिंपात वर साय धरते, दुधावर धरते तशी,
फक्त ही साय जिवंत.
पश्चिमेचा पोनियेंते आला की जाड होते,
पूर्वेचा लेवांते सुटला की कोमेजते.

माझा आजा एउसेबियो,
चाळीस वर्षं खालच्या आळीतल्या कोठाराचा मुकादम.
लांब दांड्याची अरुंद पळी सायीतून खोल सोडायचा,
मग डोक्यावरून कमरेपाशी धार,
फरशीवर एक थेंब नाही.
नाकाने निवाडा, खडूने निकाल:
एक तिरकी रेघ, नाजूक.
दोन रेघा, दांडगी, ती ओलोरोसोच्या रांगेत.
आणि जिचं व्हिनेगर झालं
तिचं पिंप रात्री हलवायचे, शेजाऱ्यांना कळू न देता.

आई त्याची सून. कासिल्दा.
बायका आत आल्या की साय मरते, म्हणायचे,
म्हणून तिच्या वाट्याला फक्त किटली,
बाद पिंपांतली, फोडणीपुरती.

त्या साली अकरा दिवस लेवांते.
चौदा नंबरची साय बुडाली.
आज्याने बाहीने रेघ पुसली,
किटली चुलीशी ठेवली: “घाल गुरद्यांत.”

कांदा मंद आचेवर, लसूण, तमालपत्र,
गुरदे तीनदा मिठाच्या पाण्यातून काढलेले.
आईने किटली तिरपी केली
आणि हात तिथेच थांबला.
संत्र्याची वाळली साल. अक्रोड.
बंद कपाट उघडल्यावर येतो तो वास.
एक घोट घेतला.
नाक नाजुकीचं, अंग दांडगीचं,
आणि दोन्ही भांडत नव्हती.

ती उभीच राहिली.
कांदा करपला, गुरदे करपले,
धुराने मी शिंकत बाहेर पळाले.

रात्री पानात तेच. दुसरं काही नव्हतं.
बाबांनी ताट सरकवलं.
आजा जेवला.
पावाने ताट पुसून घेतलं, म्हणाला, “छान झालंय.”

आई बघत राहिली त्याच्याकडे.
मग उठून चुलीजवळच्या फरशीवर
कोळशाने एक तिरकी रेघ ओढली,
आणि तिला छेदून एक आडवी.
आज्याने ती पाहिली. आईकडे पाहिलं.
पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी चौदा नंबरवर खडूने तीच खूण.
पालो कोर्तादो. छेद दिलेली काठी.

त्यानंतर किटली रोज येऊ लागली,
कधी दोन, कधी चार,
“स्वयंपाकाला” म्हणून.
फरशी रोज सारवल्यासारखी काळी, रोज पुसलेली.
आज्याचं नाक म्हणजे नाक, गावभर म्हणायचे,
हेरेसहून माणसं यायची विचारायला.
मेला तेव्हा पाद्रीसुद्धा त्या नाकाबद्दल बोलला.
आई पहिल्या बाकावर होती,
रुमाल तोंडाशी धरून,
रडत होती की काय, मला अजून ठरवता येत नाही.

ते पिंप आहे अजून.
थोडं काढायचं, तेवढंच कमी वयाचं वर घालायचं,
विरजण मोडू द्यायचं नाही.
म्हणजे तो लेवांते तळाशी आहेच कुठेतरी.

तुम्हाला हीच देते.
ही बर्फातली नाही, कपाटातली आहे,
हिला ऊब चालते, धरा पोटाला.
नुसती प्या. घावन बाजूला राहू दे.

गुरदे आहेत आज, हो.
पण मागवलेत तर वेळ लागेल.
कांदा चढला
की मी चुलीपासून हलत नाही.